बेचाळिसावं नाव

मेधा उपासनीला यादी करायला सांगावी आणि निर्धास्त व्हावं, असं नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या मराठी मंडळात म्हणतात, आणि ते खोटं नाही. गणपतीला कोण काय आणणार, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाचे सासू-सासरे आलेत म्हणून खुर्च्या किती वाढवायच्या, सगळं तिच्या वहीत असतं. लग्नाआधी ती चिंचवडच्या एका शाळेच्या ऑफिसात होती. दहावीच्या फॉर्मांवरची नावं तपासायचं काम तिच्याकडे. सात वर्षांत एकाही पोराच्या सर्टिफिकेटवर नाव चुकलं नाही, हे ती आजही सांगते, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना.

नवरा चंद्रहास एनस्खेडेला नोकरीला. तिथे घर परवडेना, म्हणून हे दोघं चौदा वर्षांपूर्वी बसने चाळीस मिनिटांवरच्या या लहान गावात आले. गाव असं, की कालव्यावरचा पूल ओलांडला की जर्मनी. लोक पेट्रोल भरायला परदेशात जातात आणि जेवायला घरी येतात. पहिली दोन वर्षं मेधाने खिडकीतून पाऊस बघण्यात काढली. मग लायब्ररीत फुकट चालणाऱ्या वर्गात डच शिकली आणि पुढे त्याच लायब्ररीच्या काउंटरवर नोकरीला लागली. तिथून गावाने तिला धरलंच. शाळेची जत्रा, म्हाताऱ्यांची सहल, झाडं लावणं, बोलवाल तिथे बाई हजर! तिला 'नाही' म्हणता येत नाही, हा गुण की रोग, ते चंद्रहासला अजून ठरवता आलेलं नाही.

"आपण बाहेरचे गं," तो म्हणायचा. "हौसेने कर, पण कुठल्या भानगडीत पडू नकोस."

"यादी टाइप करण्यात कसली आलीये भानगड?" मेधा म्हणायची.

यंदाची यादी होती चार मेची. गावाच्या टोकाला कापडाची एक बंद गिरणी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे कैदी कोंडले होते. लपून राहिलेली माणसं, त्यांना लपवणारी माणसं, चोरून पत्रकं छापणारी माणसं. त्यांतली एक्केचाळीस गेली, काही तिथेच आणि काही तिथून पुढे जर्मनीत नेल्यावर. दर चार मेला संध्याकाळी गाव चर्चपासून गिरणीपर्यंत चालत जातं, एक अक्षर न बोलता. आठ वाजता दोन मिनिटं शांतता, मग ती एक्केचाळीस नावं. भिंतीवर ती कोरलेली नाहीत, कुठे छापायचीही नाहीत. वर्षातून एकदा मोठ्याने वाचायची, ही इथली रीत.

नावं वाचायचे मेनेर कोस्टर, म्हणजे आपले श्रीयुत कोस्टर. वय ब्याऐंशी, पण पाठ ताठ. यादीत त्यांच्या वडिलांचं नाव आहे. वडिलांना गिरणीतून काढून गाडीत घातलं तेव्हा हे दीड वर्षाचे होते. इतकी वर्षं नावं तोंडपाठ म्हणायचे, पण गेल्या साली एक नाव सुटलं आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं. म्हणून मार्चमध्ये लायब्ररीत येऊन त्यांनी मेधाच्या हातात एक विरलेला कागद ठेवला. "मोठ्या अक्षरात करून दे. कुठे चूक दिसली, कोणाचं राहिलंय असं कळलं, तर दुरुस्त कर. तुझ्या कामावर माझा विश्वास आहे."

आता असं म्हटल्यावर मेधाचं काय व्हायचं ते झालं. कारण राहिलेलं एक नाव तिला ठाऊक होतं.

ते तिला शेजारच्या डीनीआजींकडून कळलं होतं. आजी म्हणजे एकोणनव्वद वर्षांची, बोटभर जाडीचा चष्मा लावणारी, एकटी राहणारी बाई. मुलगा तिकडे ग्रोनिंगेनला. मेधाकडे आजींच्या घराची किल्ली असायची, डोळ्यांत थेंब घालायचे कामही तिचंच. बदल्यात आजी तिच्या डचमधल्या चुका काढायच्या, आणि तेवढ्यावर दोघींचं छान जमलं होतं.

मेधाचे वडील कोविडात गेले. विमानं बंद. अंत्यविधी तिने फोनवर पाहिला, दहाव्याला कावळा शिवला का, हेही फोनवरच विचारलं. ते शल्य तिच्या मनातून जात नाही. म्हणून दर सर्वपित्रीला ती खीर-वडे करून पान वाढते आणि मागच्या शेडच्या छपरावर ठेवते. गेल्या साली आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, हे कोणासाठी? मेधाने सांगितलं, गेलेल्यांसाठी. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं कोणी करत नाही, त्या सगळ्यांसाठी.

"वाईट माणसांसाठीसुद्धा?" आजींनी विचारलं.

"मेल्यावर कसलं चांगलं नि वाईट? मरणाबरोबर वैर संपतं, असं मानतात आमच्यात."

आजी पानाकडे बघत कुंपणाजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील गिरणीत गेले. कैदेत. हेंड्रिक बुसिंक. अकरा डिसेंबर पंचेचाळीस. त्यांचं नाव कोणी कधी घेतलं नाही."

मेधाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने घरात जाऊन नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवली. आजींनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, हिनेही काढला नाही. पण मार्चमध्ये यादी टाइप करताना ब्राम आणि डाइकमान यांच्यामध्ये, वर्णानुक्रमाने जिथे यायला हवं तिथे, तिने ते नाव घातलं, इतरांसारखी पुढे कंसात मरणाची तारीखही. एक्केचाळीसची बेचाळीस झाली. आजींना सांगायचं नाही, त्या दिवशी एकदम ऐकवायचं, असं तिने ठरवलं. केवढा आनंद होईल त्यांना!

चार मेला रविवार होता. संध्याकाळी साडेसहाला मेधा उसनी आणलेली व्हीलचेअर ढकलत आजींकडे गेली. आजी टेबलाशी कॉफी घेत बसल्या होत्या.

"चला, कोट घाला," मेधा म्हणाली. "आज तुमच्या वडिलांचं नाव वाचणार आहेत. मी यादीत घातलंय."

आजींनी कप खाली ठेवला. फार सावकाश ठेवला. "कुठे घातलंस?"

"यादीत. कोस्टरांच्या."

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. मेधाला वाटलं, आता या पडतात. तिने धरायला हात पुढे केला तर आजींनी तोच हात मनगटाशी असा आवळला की बांगडी रुतली.

"माझे वडील कैदी नव्हते, मेधा. आधी नव्हते. ते गिरणीत कारकून होते. जर्मनांचे. कोण आत आलं, कोण कुठल्या गाडीने गेलं, त्याच्या याद्या करायचे. खाली सही करायचे. फार सुबक अक्षर होतं त्यांचं."

मेधाने खुर्ची ओढली आणि बसली.

"मी त्यांचा डबा घेऊन जायची दारापर्यंत. एकदा वरच्या खिडकीतून एका माणसाने पाव मागितला. मी पळाले." आजींनी कप बाजूला सारला. "एप्रिलमध्ये जर्मन पळाले, गाव सुटलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला धरलं, वडील, आई आणि मी. आई जर्मन होती ना. त्याच गिरणीत कोंडलं. मी नऊ वर्षांची. मागांच्या मध्ये पेंढ्यावर झोपायचं. आईचं डोकं भादरलं होतं, दोन दिवस मी तिच्याजवळ जात नव्हते. वडील तारेच्या पलीकडे. नळावर पाणी भरताना दिसायचे. मग डिसेंबरात ताप आला आणि दिसेनासे झाले. हातगाडीवरून नेलं म्हणे. कुठे पुरलं, कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही."

"पण तुम्ही इथेच..."

"आम्हाला सोडल्यावर दूर गेलो आम्ही. तेविसाव्या वर्षी लग्न करून परत आले, नवऱ्याचं आडनाव लावून. कोणी ओळखलं नाही. नवऱ्याला माहीत होतं, तो गेला. मुलाला माहीत नाही. आणि तू, अकरा डिसेंबर ऐकलंस ना? तेव्हा युद्ध संपून सात महिने झाले होते. एवढं कसं कळलं नाही तुला?"

नव्हतं कळलं. इथल्या दहा वर्षांच्या पोराने तारीख ऐकताच कान टवकारले असते. पण चिंचवडच्या शाळेत हे युद्ध दीड पानात आटोपलं होतं, आणि मेधाच्या डोक्यात पंचेचाळीस म्हणजे अख्खं युद्धाचंच साल. त्यातून माणूस कैदेत मेला म्हटल्यावर तो बिचाराच असणार, दुसरा विचार तिला शिवलाच नाही. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! सात वर्षांत एक नाव न चुकलेली बाई, आणि चुकली ती अशी.

"नाव वाचलं की पहिला प्रश्न, हे दिलं कोणी?" आजी म्हणाल्या. "तुझं नाव निघेल. तुझ्याशेजारी कोण राहतं, तुझ्या घरी कोणाचं जाणंयेणं आहे, हे काय गावाला माहीत नाही? पासष्ट वर्षं मी या लोकांत राहिले, मेधा. यांच्या मयतीला गेले, बारशाला गेले. काढ ते नाव. काहीही कर, पण ते नाव काढ."

सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

मेधाने कोस्टरांना फोन लावला. बंद. चार मेला ते दुपारपासूनच फोन बंद ठेवतात, हे तिला आठवलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. यादी एकच. एक कागद, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, कोस्टरांच्या हातात. तिने सायकल काढली. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वारा समोरून. पोचली तर दाराला कुलूप. तिथून चर्च. चर्चच्या अंगणात चिटपाखरू नाही. घड्याळात सात पस्तीस. मूक फेरी निघालेली होती.

"अगं बाई," मेधा मोठ्याने म्हणाली, आणि पुन्हा पॅडल मारायला लागली.

फेरी तिला गिरणीच्या रस्त्यावर दिसली. तीनशे माणसं, आणि आवाज फक्त बुटांचा. तिने सायकल एका भिंतीला टेकवली ती घाईत नीट टेकली नाही, धाडकन आडवी झाली. तीनशे माना वळल्या. मधल्या रांगेत चंद्रहास होता. त्याने डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? हिने डोळ्यांनीच सांगितलं, विचारू नकोस. आणि ती रांगांच्या कडेने, केस विस्कटलेली, धापा टाकत सगळ्यांत पुढे गेली.

कोस्टर फोल्डर छातीशी धरून चालले होते.

"मेनेर कोस्टर," ती कुजबुजली. "यादीत चूक आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एक बोट ओठांवर ठेवलं. या रस्त्यावर बोलायचं नाही, हा नियम त्यांच्या आईच्या पिढीने केलेला. मेधाने पुन्हा तोंड उघडलं, तर शेजारून चालणाऱ्या बाईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मिटलं. मग ती नुसती त्यांच्या बाजूने चालत राहिली, फोल्डरवर नजर ठेवून. हिसकावून घ्यावा आणि पळावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. चाळीस पावलं, तीस पावलं. वाटेत आजींचं घर लागलं. पडदे ओढलेले होते.

गिरणीपाशी पोचले तेव्हा सात बावन्न. लोक अंगणात उभे राहायला लागले, बँडवाले जागा घ्यायला लागले. कोस्टर भिंतीच्या आडोशाला माइकच्या पेटीपाशी गेले. मेधा मागोमाग.

"आता बोल," ते म्हणाले. "आणि काहीतरी खरंच महत्त्वाचं असू दे."

"एक नाव काढायचंय. मी चुकून घातलं."

"कोणतं?"

तिने बोट ठेवलं. कोस्टरांनी चष्मा चढवला. नाव वाचलं आणि तसेच उभे राहिले. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन पुढची तारीखही वाचली.

"माझ्या वडिलांच्या गाडीच्या यादीवर याची सही आहे," अखेर ते म्हणाले. "घरी आहे माझ्या तो कागद. आणि तुझ्यावर विश्वास ठेवून, न तपासता, हे मी आज माइकवर वाचणार होतो. माझ्या वडिलांच्या आधी."

"माफ करा. मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

"हे नाव तुला कोणी दिलं?"

"एका जुन्या कागदात पाहिलं."

"कुठल्या कागदात? माझ्याकडचा तेवढा सोडला तर त्या माणसाचे कागद गावात नाहीत. मी चाळीस वर्षं शोधतोय." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मरणाची तारीख मलाही माहीत नव्हती. ती तुला घरच्या माणसानेच सांगितली असणार. त्याला एक मुलगी होती. आहे का ती?"

मेधाला थाप नीट मारता येत नाही. तिचे कान लाल होतात, हे चंद्रहासला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं. तिने थाप सोडून दिली.

"मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. चूक माझी आहे. उद्या साऱ्या गावासमोर माझी लाज काढा, या कामातून काढा, लायब्ररीत सांगा. पण हे मी सांगणार नाही."

भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं. सात छप्पन्न. मेधाला कोस्टरांची भीती वाटत होती आणि कीवही येत होती.

"मला तिला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "त्या याद्या करून तो घरी यायचा, तेव्हा जेवायचा का."

मेधाने नुसतं फोल्डरकडे बोट केलं.

कोस्टरांनी खिशातून पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "तू घातलंस, तू काढ."

तिने फोल्डरमधून कागद काढला आणि भिंतीवर टेकवला. खरखरीत विटांवर पेन धड चालेना. नावावरून तिने तीन वेळा रेघ ओढली, अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत. कोस्टरांनी कागद घेतला, पाहिला, फोल्डरमध्ये घातला आणि तिच्याकडे न बघता माइकपाशी गेले.

आठ वाजले. बिगुल झालं आणि शांतता सुरू झाली. दोन मिनिटं म्हणजे किती असतात, ते मेधाला त्या दिवशी कळलं. मग कोस्टर वाचायला लागले. हळू, प्रत्येक नाव सुटं करून. लाउडस्पीकरवरून ते घरांवरून पार कालव्यापर्यंत जात होतं.

"बेर्ट बोमर. योहान ब्राम."

आणि ते थांबले.

कागदावर आता तिथे नुसती काळी पट्टी होती. कोस्टर त्या पट्टीकडे बघत उभे होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाहीये. मेधाची नखं तळहातात रुतली. ते नाव घ्यायला त्यांना कागद लागत नव्हता, हे फक्त तिला ठाऊक होतं. म्हणणार आहेत का हे? शिव्या घालण्यासाठी, गावाला सांगण्यासाठी? कोणीतरी पाय बदलला. खडी वाजली.

"विलेम डाइकमान," कोस्टर म्हणाले, आणि पुढे वाचत गेले.

कार्यक्रम संपल्यावर मेधा कोणाशी न बोलता निघाली. चंद्रहास म्हणाला, अगं सायकल? ती म्हणाली, तू आण. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. वाचलो! आजी वाचल्या. आता आधी त्यांना सांगायचं आणि मग पोटभर रडायचं, असं तिचं ठरलं होतं.

आजींच्या घराचं दार उघडंच होतं. पडदे बाजूला सारलेले, गिरणीच्या बाजूची खिडकी सताड उघडी. आजी खिडकीशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून. अंगात ठेवणीतला काळा कोट. मान वर. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

"काढलं," मेधा दारातूनच म्हणाली. "मी स्वतः खोडलं. कोणाला काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, पण मी तुमचं नाव नाही सांगितलं."

"ऐकलं मी," आजी म्हणाल्या.

"आता काळजी करू नका. बसा बघू तुम्ही."

आजी बसल्या नाहीत. "ब्राम झाल्यावर तो थांबला."

"हो."

"बराच वेळ थांबला."

"हो, आजी. माझाही जीव गेला होता."

आजी वळल्या. चष्मा काढलेला होता आणि गाल ओले होते. मेधा पुढे गेली, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"तो थांबला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी म्हटलं, देवा, पोरीला पोचायला उशीर झालेला असू दे."